साहेबाला कंटाळून जर्मनीला निघतोयस, तर

तुझा प्रश्न वाचला. वय 43, नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर, साहेब वीस जणांच्या कॉलवर पाणउतारा करतो, रात्री अकराला मेसेज टाकतो, आणि जर्मनीतली ऑफर हातात आहे. 'जाऊ का?' जा भाऊ. पण तिकडचे साहेब चांगले असतात म्हणून जाऊन राहिला असशील, तर थोडा थांब.

मी 2019 मध्ये याच कारणाने नागपूर सोडून श्टुटगार्टला आलो. इथे कोणी ओरडत नाही. पहिल्या कंपनीत एक दिवस माझ्या कॅलेंडरमधून सोमवारची दहाची मीटिंग गायब झाली. विचारलं तर हसून म्हणाले, 'तुझा वेळ वाचावा म्हणून.' तीन आठवड्यांनी कळलं, त्याच मीटिंगमध्ये माझी टीम दुसऱ्याला देऊन झाली होती. शिव्या पडल्या तर निदान पडल्या हे तरी कळतं. आयटी पार्कच्या टपरीवर साहेबाच्या नावाने बोटं मोडायला चार जण असतात. इथे फक्त बायको, तीही जर्मनच्या क्लासने वैतागलेली.

आता कामाचं. प्रोबेशन बहुतेक सहा महिन्यांचं असतं, आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं. काढण्याविरुद्धचं कायद्याचं संरक्षण त्यानंतर मिळतं, तेही दहापेक्षा जास्त माणसांच्या कंपनीत. बेकारी भत्त्यासाठी 12 महिने वर्गणी भरलेली लागते. म्हणून पहिल्या वर्षाचा घरखर्च बाजूला ठेव, धरमपेठेतला फ्लॅट विकायची घाई नको.

मोठ्या पदनामाला तर अजिबात भुलू नको. माणसं नेमायचे-काढायचे स्वतंत्र अधिकार हातात आले, की कर्मचाऱ्यांची निवडलेली समिती, म्हणजे बेट्रीब्सराट, तुझी राहत नाही. मग अशा पदावरच्या माणसाचा वाद कोर्टात गेला तरी कंपनी कारण न देता, भरपाई मोजून नोकरी संपवून घेऊ शकते. सही करण्याआधी करार वकिलाला दाखव. काढल्याचं पत्र आलंच, तर दावा तीन आठवड्यांत लावावा लागतो.

आणि सोडताना कामाचं प्रशस्तिपत्र मागून घे, तो हक्क आहे. सगळी गोड भाषा असते, पण 'पूर्ण समाधान' आणि 'नेहमी पूर्ण समाधान' यांत एका श्रेणीचा फरक धरतात. माझ्या पहिल्या पत्रात 'नेहमी' नव्हतं. मला ते दुसऱ्या मुलाखतीत समजलं.