खुब्याचं ऑपरेशन झालं, पण हाडांचं काय?

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. महिन्यापूर्वी न्हाणीघरात घसरून त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन करून रॉड घातला, आता वॉकर धरून चालतात. कॅल्शियमची गोळी आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी चालू आहे. डॉक्टरांनी वर्षातून एकदा सलाइनमधून घ्यायचं इंजेक्शन सुचवलंय. ते लागेलच का? आधी डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करावी का?

उत्तर : इंजेक्शन टाळू नका. रॉडने मोडलेल्या हाडाला आधार मिळाला. ठिसूळपणा मात्र दुसऱ्या खुब्यात आणि मणक्यांत तसाच आहे. नुसत्या कॅल्शियमने तो आवरत नाही. चालता-चालता पडून या वयात खुबा मोडला की ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) धरूनच उपचार करतात. डेक्सा पुढच्या तुलनेसाठी उपयोगी आहे, पण तिच्यासाठी औषध अडवू नये.

हे बहुधा झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, ५ मिलिग्रॅम असेल. ते हाड झिजवणाऱ्या पेशींना आवरतं. ऑपरेशननंतर दोन आठवडे उलटल्यावर देतात, तेव्हा तुमची वेळ योग्यच आहे. आधी रक्तातलं क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि ‘ड’ तपासून घ्या. त्यावरून काढलेला क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड किती काम करतं याचं माप) मिनिटाला ३५ मिलीच्या खाली असेल तर हे औषध चालत नाही. ‘ड’ कमी असताना दिलं तर रक्तातलं कॅल्शियम घसरून मुंग्या, पेटके येतात. किडलेला दात काढायचा असेल तर आधीच काढावा, कारण नंतर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. औषध किमान १५ मिनिटं सावकाश सोडतात. पहिल्या खेपेला एक-दोन दिवस ताप, अंगदुखी होऊ शकते. त्यावर पॅरासिटामॉल पुरतं. ‘इंजेक्शन बाधलं’ म्हणून पुढच्या वर्षीचं चुकवणारे पुष्कळ असतात, आणि तिथेच नुकसान होतं.

पुडी आठवड्यातून एकदाच आहे ना, हे आजच चिठ्ठीवर पाहा. ती चुकून रोज घेतली जाते. मग रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, भ्रम, मूत्रपिंडाला इजा होते. कॅल्शियम आहार आणि गोळी मिळून दिवसाला १२०० मिलिग्रॅम पुरे. पेलाभर (२०० मिली) दुधात साधारण २४०, ३० ग्रॅम नाचणीत १०० च्या आसपास मिळतं.

झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. रात्री लघवीला उठताना तोल तिच्यामुळेही जातो. कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा बसवा. टॉवेलचा दांडा वजन पेलत नाही.