वाचकांचे प्रश्न: नाताळ 25 तारखेला संपत नाही हो, सुरू होतो

डिसेंबरच्या अंकासाठी यंदा पत्रांपेक्षा व्हॉट्सअ‍ॅपच जास्त आलेत. जागा नेहमीचीच असल्याने पाच प्रश्न घेतलेत, नावं छापत नाही. मी कॅथलिक पॅरिशमधली (पॅरिश म्हणजे एका चर्चची मंडळी), कित्येक वर्षं रविवारी पोरांना धर्मशिक्षण शिकवणारी बाई, त्यामुळे उत्तरं त्या अंगानेच येणार. पंचहौदच्या (म्हणजे प्रोटेस्टंट) किंवा इतर मंडळ्यांतल्या वाचकांनी आपापल्या पद्धतीने जुळवून घ्या.

मुलं 8 आणि 11 वर्षांची आहेत. डिसेंबर लागला की शाळेत सांता, सोसायटीत सांता, मिस्टरांच्या ऑफिसच्या पार्टीत पण सांता. 25 ला दुपारी जेवणं झाली की मुलं म्हणतात, झालं? आता काय? येशूचा बर्थडे यापलीकडे त्यांना काही माहीत नाही आणि मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) चुळबुळ करतात. काय करू? (एक आई, वडगावशेरी)

तुमच्या पोरांचं ते ‘आता काय’ मला फार आवडलं, कारण घोळ तिथेच आहे. आपण 1 तारखेपासून सेलिब्रेट करत सुटतो, केक, पार्ट्या, कॅम्पातली लायटिंग, एम. जी. रोडवरची गर्दी, आणि 25 च्या दुपारी सगळ्यांचा दम संपलेला असतो. चर्चचं कॅलेंडर बरोबर उलटं चालतं. आधी चार रविवारांचा आगमनकाळ, फादरांच्या अंगावर जांभळा झगा, रविवारच्या मिस्सेत ग्लोरिया हे स्तुतिगीत नाही, वेदीवर फुलंसुद्धा बेतानेच, म्हणजे हा सगळा काळ वाट बघायचा. मग 24 च्या रात्री सण सुरू होतो आणि पुढचे आठ दिवस तितकाच मोठा चालतो, 1 जानेवारीला देवमातेचा सण, त्यानंतर मागी लोकांचा (ताऱ्यामागून बाळाला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी) म्हणजे प्रभूप्रकटीकरणाचा रविवार, आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला नाताळकाळ पुरा होतो. म्हणजे तुमची मुलं ‘आता काय’ विचारतात तेव्हा खरं उत्तर आहे, आता तर सुरू झालं!

पण हे सांगून कळत नाही, करून कळतं. घरात हिरव्या डहाळ्यांच्या गोलात चार मेणबत्त्या ठेवा, तीन जांभळ्या, एक गुलाबी (नाही मिळाल्या तर पांढऱ्यांना रिबिनी बांधा, कोणी बघायला येत नाही). दर रविवारी रात्री जेवणाआधी एक जास्त पेटवायची, गुलाबी तिसऱ्या रविवारी, आणि पेटवायचा मान धाकट्याचा. गोठा मांडा पण गव्हाण रिकामी ठेवा. दिवसभरात कोणी कोणासाठी काही चांगलं केलं, तेही न सांगता, तर गुपचूप एक काडी गवत गव्हाणीत टाकायची. 24 ला मिस्सेहून आल्यावर बाळ त्या गवतावर ठेवायचं. थंडीत बाळाला टोचू नये म्हणून शेवटच्या दोन दिवसांत मुलं इतकी कामं करतात की तुम्हालाच संशय येईल.

आणि एक गंमत करा. तीन मागी गोठ्यात लगेच ठेवू नका, त्यांना दाराजवळच्या चपलांच्या स्टँडवर ठेवा आणि 25 पासून रोज थोडं थोडं पुढे सरकवा, फ्रिजवर, टीव्हीशेजारी, खिडकीत, असं करत प्रकटीकरणाच्या रविवारी गोठ्यात पोचवा. मुलांना आपोआप कळतं की 25 नंतरही कोणीतरी अजून वाटेतच आहे. (मागी तीनच होते असं शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयने कुठे लिहिलेलं नाही, भेटी तीन होत्या, पण बाजारात सेट तीनचाच मिळतो.)

सांताशी भांडू नका, हरायला होतं. मुलांना त्याच्यामागचा माणूस सांगा, मायराचे बिशप संत निकोलस, चौथ्या शतकातले, मायरा आजच्या तुर्कस्तानात येतं. हुंड्याला पैसे नाहीत म्हणून ज्याच्या तीन मुलींची लग्नं अडली होती अशा बापाच्या घरात त्यांनी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी कथा आहे. हुंडा म्हणजे काय हे आपल्याकडे वेगळं समजवावं लागत नाही. त्यांचा सण 6 डिसेंबरला असतो. त्या दिवशी मुलांना त्यांच्या खाऊच्या पैशातून कोणालातरी नाव न सांगता काही द्यायला लावा.

मिस्सेतल्या चुळबुळीवर एकच उपाय, आदल्या दिवशी घरी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातल्या पहिल्या 20 ओवी मोठ्याने वाचा, पाच मिनिटंही लागत नाहीत. ओळखीची गोष्ट पुन्हा ऐकू आली की मूल मान वर करतंच.

आमच्या पॅरिशमध्ये झोनवाइज (पॅरिशच्या विभागांप्रमाणे) गोठ्यांची स्पर्धा असते. गेल्या वर्षी निकालावरून इतकं वाजलं की दोन झोन अजून बोलत नाहीत. यंदा फादर म्हणतात स्पर्धाच बंद. आमचं म्हणणं, स्पर्धा नसेल तर पोरं फिरकणार पण नाहीत. बरोबर कोण? (युवा गटातला एक जण, पॅरिश छापू नका म्हणालाय)

बाळा, अर्धे तुम्ही बरोबर आणि अर्धे फादर, पण तुमचा अर्धा जरा लहान आहे.

पुण्यातली पोरं आपण, गणपतीचे देखावे बघत मोठी झालो, त्यामुळे मांडव दिसला की आपल्याला नंबर दिसतो. आणि रात्र रात्र जागून, खोके कापून, चहा मारत जो गोठा उभा राहतो त्यातून पोरं जोडली जातात हे मी डोळ्यांनी पाहिलंय, ते फादरांनी मोडीत काढू नये.

पण ही प्रथा कुठून आली बघ. 1223 साली इटलीत ग्रेच्चो नावाच्या डोंगरातल्या गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने तिथल्या जोव्हान्नी नावाच्या ओळखीच्या माणसाला साधारण पंधरा दिवस आधी निरोप दिला की मला बेथलेहेमच्या बाळाचे हाल या डोळ्यांनी बघायचेत, तयारी कर. तयारी म्हणजे काय, तर गव्हाण, गवत, एक खरा बैल आणि एक खरं गाढव, बस्स. पुतळे नाहीत, धबधबा नाही, एलईडी नाही. गावचे लोक मशाली, मेणबत्त्या घेऊन आले, त्या गव्हाणीवरच मिस्सा झाली आणि डीकन (पुरोहिताच्या खालच्या पायरीवरचा सेवक) असलेल्या फ्रान्सिसने शुभवर्तमान गाऊन प्रवचन दिलं. तीन वर्षांनी ते वारले. म्हणजे पहिल्या गोठ्यात बघायला फार काही नव्हतंच, लोक एकत्र उभे होते हाच देखावा. आता तुमचे दोन झोन एकमेकांकडे बघत नाहीत आणि मधे फायबरचं बेथलेहेम!

आणि तो बैल, ते गाढव लूकमध्ये नाहीत, मत्तयमध्येही नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायातून आलेत, तिथे देव तक्रार करतो की बैल आपला धनी ओळखतो, गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखतं, माझ्या लोकांना मात्र कळत नाही. जजेसच्या टेबलाशी भांडताना हे आठवलं तर बरं.

फादरांकडे असा प्रस्ताव घेऊन जा. गोठे होऊ देत, पण प्रत्येक झोनने आपला गोठा दुसऱ्या झोनमध्ये बांधायचा, आणि तोही चौकात नाही, तर ज्यांना चर्चला येता येत नाही अशा म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाच्या घरी किंवा दारात. बोलत नसलेल्या दोन झोनना मुद्दाम एकमेकांची घरं द्या. खर्चाला मर्यादा घाला, उरलेले पैसे सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीकडे द्या, कोणाची फी, कोणाचं औषध अडलंय ते त्यांना माहीत असतं. थर्माकोल तर 2018 च्या बंदीनंतर दिसायलाच नको होता, तरी दिसतो. 25 पासून प्रकटीकरणापर्यंत कॅरलवाल्यांनी एकेका गोठ्यापाशी जाऊन गायचं, आणि गाताना ज्यात येशूचं नावसुद्धा नाही अशी इंग्लिश गाणीच नकोत, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आपल्या मराठी चर्चमध्ये शंभरावर वर्षं पेटी-तबल्यावर गातायत ती काढा.

मेंढपाळही जरा आपले करा ना. दिवाळीनंतर पुण्याच्या आसपासच्या रस्त्यांवर धनगरांचे कळप दिसतात, घोड्यावर बिऱ्हाड, वर कोंबड्या, रात्री उघड्यावर मुक्काम. लूकमध्ये पहिली बातमी मिळाली ती असल्याच माणसांना. खांद्यावर घोंगडी असलेला मेंढपाळ गोठ्यात उभा केलात तर येणाराजाणारा थांबून विचारेल तरी.

ऑगस्टमध्ये मिस्टर गेले. सासूबाई आणि दीर म्हणतात, यंदा सण नाही, स्टार लावायचा नाही, फराळ नाही. मुलगी म्हणते पप्पांना नाताळ किती आवडायचा, आपण लावूया. मी दोघांच्या मधे. (हडपसर)

ताई, आधी हे सांगते की वर्षभर सण न करणं ही आपल्या घराघरांतली रीत आहे, चर्चचा नियम नाही. पण सासूबाईंचा मुलगा गेलाय, त्यांना नियम दाखवून काही होणार नाही. त्यांचं ‘सण नाही’ हे त्यांचं रडणं आहे, मुलीचं ‘स्टार लावू’ हेही तेच.

आपल्याला वाटतं नाताळ म्हणजे आनंदीआनंद, दुःखी माणसाने लांब राहावं. प्रत्यक्ष नाताळचा आठवडा बघा कसा आहे. 25 ला जन्म, लगेच 26 ला संत स्तेफन, दगडांनी ठेचून मारलेला पहिला हुतात्मा. 28 ला हेरोदाने मारलेली बेथलेहेमची बाळं. त्या दिवशीच्या वाचनात मत्तय यिर्मया संदेष्ट्याचे शब्द आणतो, राहेल आपल्या मुलांसाठी रडतेय आणि कोणी समजूत घातलेली तिला नकोय. नाताळच्या ऐन आठ दिवसांत चर्चने समजूत न पटलेली आई बसवून ठेवलीय आणि तिला कोणी म्हणत नाही की बाई, सणाचं रडू नको. त्यामुळे तुमच्या घरात दुःख आहे म्हणून नाताळ तुमचा नाही असं मुळीच समजू नका, मला तर वाटतं यंदा तो तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळेल.

करायचं काय, तर पार्टी, नवे कपडे, डब्यांची देवाणघेवाण, हे यंदा राहू द्या, सासूबाईंचा शब्द राहील. स्टार मात्र लावा, साधा, कागदाचा, आत पिवळा बल्ब. तो सजावट म्हणून नाही, वाट दाखवायला असतो, असं मुलीलाच आजीला सांगू दे, तुम्ही मधे पडू नका. पॅरिश ऑफिसमध्ये आत्ताच जाऊन मिस्टरांच्या नावाने मिस्सेचं इंटेन्शन (ती मिस्सा कोणासाठी अर्पण करायची ते) लिहून या. मृतांसाठीची वेगळी मिस्सा 25 ला होत नाही, पण नेहमीच्या मिस्सेत त्यांच्यासाठी इंटेन्शन ठेवता येतं, नंतर जागा उरत नाही म्हणून आत्ता जा म्हणतेय. सासूबाईंना चर्चपर्यंत जमत नसेल तर फादरांना घरी कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) आणायला सांगा, सणाच्या दिवसांत आवर्जून येतात. आणि 25 ला दुपारनंतर कबरस्तानात जाऊन या, तिथे फुलं, मेणबत्त्या घेऊन आलेली तुमच्यासारखी बरीच घरं भेटतील.

फराळाचं म्हणाल तर तुमच्या शेजारणीने आणि झोनच्या बायकांनी तुमच्याकडे करंज्या पोचवायच्या असतात. वाचताय ना, हडपसरवाल्यांनो?

मिडनाइट मिस्सा आमच्याकडे संध्याकाळी 8 ला असते. ही कसली मिडनाइट? आणि ती चालते का? (निवृत्त वाचक, फातिमानगर)

चालते. 24 च्या संध्याकाळची मिस्सा सणाचीच धरतात. नाताळला खरं तर जागरण, रात्र, पहाट आणि दिवस अशा चार वेगवेगळ्या वाचनांच्या मिस्सा आहेत आणि पहाटेच्या मिस्सेला, जिथे मेंढपाळ बेथलेहेमला जाऊन बाळाला बघतात ते वाचन असतं, तिला आपल्याकडे कुत्रं फिरकत नाही. लाउडस्पीकरचे नियम, म्हातारी माणसं, रात्रीची वाहनं, यामुळे वेळ अलीकडे आली. बारालाच जायचंय तर चौकशी करा, एखाद्या चर्चमध्ये अजून असते. नाहीतर एक वर्ष पहाटे उठून बघा की.

माझी ख्रिश्चन मैत्रीण 24 ला मिस्सेला ये म्हणतेय. मी हिंदू, कधी गेले नाही. चप्पल काढायची का? प्रसाद घ्यायचा का? काही चुकलं तर? (सदाशिव पेठ)

जरूर जा. तुमच्या पेठेपासून लांब नाही, नाना पेठेतल्या सिटी चर्चला जागा दिली सवाई माधवराव पेशव्यांनी, 1792 च्या सुमारास, त्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती लोकांसाठी. तेव्हा बिचकू नका, ओळख जुनी आहे.

चप्पल सहसा काढत नाहीत. अर्धा तास आधी जा, नंतर उभं राहायलाही जागा नसते. लोक उठले की उठा, बसले की बसा. श्रद्धाविधान (आमचा विश्वास सांगणारी प्रार्थना) म्हणताना सगळे एकदम गुडघे टेकतील, देव माणूस झाला हे शब्द येतात तेव्हा फक्त नाताळला आणि 25 मार्चला असं करतात, तुम्ही शांत उभ्या राहिलात तरी चालतं. ख्रिस्तप्रसादाला मात्र तुम्ही घेऊ नका. तो आमच्यासाठी प्रत्यक्ष प्रभूचं शरीर आहे, प्रथम कम्युनियन झालेले कॅथलिकच घेतात, त्यात तुमचा अपमान नाही. रांगेत जायचंच असेल तर हात छातीवर दुमडून जा, फादर आशीर्वाद देतील. शेवटी बाळ येशूच्या मूर्तीचं चुंबन घ्यायला रांग लागते, त्यात मात्र बिनधास्त जा, ओठ लावायचे नसतील तर हात लावून नमस्कार करा, आमच्या कितीतरी आज्या तेच करतात.

मैत्रिणीकडे जाताना केक नेऊ नका, तो सगळेच आणतात आणि 27 पर्यंत फ्रिजचं दार लागत नाही. चिवडा न्या. आणि 24-25 ला नाही जमलं तर 30 ला जा, तेव्हाही नाताळच असतो आणि तिला बोलायला वेळही असतो.