मंडळाच्या वेबसाइटचा मजकूर चारपाच जण मिळून बदलतो, सारखे मर्ज कॉन्फ्लिक्ट येतात आणि कोणाचं ना कोणाचं काम उडतं. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की साइट गिटहबवर (फाइल्स ठेवायची ऑनलाइन जागा) आहे, मजकूर मार्कडाउन (साध्या खुणा वापरून लिहिलेल्या) फाइल्समध्ये, सगळे आपापल्या लॅपटॉपवर व्हीएस कोड या एडिटरमध्ये बदल करता, पुल केलं (सर्व्हरवरचे बदल आपल्याकडे ओढले) की "ऑटोमॅटिक मर्ज फेल्ड" येतं, मग ज्याला घाई असते तो "ॲक्सेप्ट इनकमिंग" दाबून मोकळा होतो. मी पण अशाच एका साइटचं काम बघतो. काम उडतंय ते त्या बटणामुळे. गिटने (सगळ्यांचे बदल सांभाळणारं, एकत्र करणारं सॉफ्टवेअर) तर उलट थांबून विचारलंय की बाबा दोघांनी एकाच जागी हात घातलाय, आता मी काय करू.

आधी हे होतं कसं ते बघा. गिट ओळीओळीने बघतं, आणि दोन नाही तर तीन फाइल्स शेजारी ठेवतं: तुमची, समोरच्याची आणि दोघांनी जिथून सुरुवात केली ती जुनी. जी ओळ एकानेच बदललीय ती गुपचूप घेतली जाते, दोघांनी वेगवेगळी बदलली की कॉन्फ्लिक्ट. आता गोची अशी की आपण मराठी मजकूर लिहितो तेव्हा अख्खा परिच्छेद एंटर न मारता लिहितो, म्हणजे गिटच्या हिशोबाने तो परिच्छेद ही एकच ओळ. समजा कार्यक्रमाच्या पानावर "रविवारी संध्याकाळी ६ वाजता शाळेच्या हॉलमध्ये" पासून पुढे दहा वाक्यं एका दमात आहेत, तुम्ही ६ चे ६:३० केले आणि सेक्रेटरींनी शेवटच्या वाक्यातला पार्किंगचा पत्ता बदलला, तरी कॉन्फ्लिक्ट येणार. भांडण काहीच नाही, पण ओळ एकच.

फाइल उघडल्यावर वर बाणासारखी सात चिन्हं आणि हेड असं दिसेल, त्याखाली तुमचा मजकूर, मग ======= अशी रेघ, त्याखाली सर्व्हरवरून आलेला मजकूर, आणि शेवटी उलटे सात बाण आणि पुढे लांबलचक कमिट (नोंदवलेला बदल) नंबर. वरच्या उदाहरणात "ॲक्सेप्ट करंट" दाबलं तर पार्किंग जुनं राहतं, "इनकमिंग" दाबलं तर वेळ जुनी राहते, "बोथ" दाबलं तर परिच्छेद दोनदा छापला जातो. तिन्ही चूक. हाताने एक परिच्छेद ठेवायचा ज्यात वेळ तुमची आणि पार्किंग त्यांचं, बाण आणि रेघा पुसायच्या, मग ॲड आणि कमिट. बाण पुसायचे राहिले तरी गिट अडवत नाही हं, ॲड केलं की ते धरून चालतं की तुम्ही निस्तरलंय, आणि साइटवर लोकांना ते बाण दिसतात. ॲड करायच्या आधी गिट डिफ --चेक चालवलं की राहिलेली खूण सापडते (कमांड अर्थात इंग्रजीतच टाइप करायच्या).

एक सेटिंग मात्र आजच करून घ्या, मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल ला डिफ३ द्या. मग मधोमध उभ्या सात रेघांखाली जुना मूळ मजकूरही दिसतो आणि कोणी नक्की काय बदललं ते कळतं. नाहीतर दोन लांब परिच्छेद वरखाली बघत बसायचं, डोळे फुटतात. गिट २.३५ किंवा नंतरचं असेल तर झेडडिफ३ आहे, तेच काम पण जरा आटोपशीर.

आता कॉन्फ्लिक्ट कमी कसे करायचे. मला विचाराल तर एकच नियम लावा: मार्कडाउनमध्ये प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहायचं. मध्ये रिकामी ओळ नसेल तर साइटवर तो एकच परिच्छेद दिसतो (काही ठिकाणी सेटिंग वेगळं असतं, एका पानावर ट्राय करून बघा). अगदी लागून असलेली दोन वाक्यं दोघांनी बदलली तर तरीही कॉन्फ्लिक्ट येईल, पण मग निस्तरायला दोन छोट्या ओळी असतात, पानभर मजकूर नाही. बाकी ते रोज सकाळी पुल करा, छोटे कमिट करा वगैरे सगळे सांगतातच, बरोबरच आहे, करा.

दोन्ही बाजू डोळ्यांना हुबेहूब सारख्या दिसतात आणि तरी कॉन्फ्लिक्ट, असंही होईल. अख्खी फाइलच कॉन्फ्लिक्टमध्ये असेल तर विंडोज आणि मॅक-लिनक्सच्या लाइन एंडिंगचा (ओळ संपल्याची न दिसणारी खूण) घोळ समजा, त्याला .गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये * टेक्स्ट=ऑटो ही ओळ, आणि सगळ्यांचं काम पुश झालेलं (सर्व्हरवर चढवलेलं) असेल अशा दिवशी एकाने गिट ॲड --रीनॉर्मलाइज . करून कमिट. पण एखादीच ओळ अशी असेल तर तो आपला मराठी त्रास असू शकतो. "दुसऱ्या" मधला ऱ्य एका कीबोर्डवरून ऱ हे वेगळं अक्षर वापरून येतो, दुसऱ्यावरून साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक असा येतो. ॲ चं पण तेच, कोणाचा एकसंध, कोणाचा अ वर चंद्र दिलेला. दिसायला सारखं, गिटसाठी वेगळं. कोणी फोनवरून टाइप करून पाठवलं, कोणी जुन्या वर्ड फाइलमधून पेस्ट केलं की हे होतंच. कुठलं एक रूप ठेवायचं ते ठरवा आणि सगळ्या फाइल्समध्ये फाइंड-रिप्लेस मारून टाका.

तुमच्यात कोणी पुल करताना रीबेस (मर्जऐवजी आपले कमिट सर्व्हरवरच्या कमिटांवर परत रचणं) वापरतं का तेही विचारा. रीबेसमध्ये "करंट" आणि "इनकमिंग" उलटे होतात, करंट म्हणजे सर्व्हरवरचं आणि इनकमिंग म्हणजे तुमचं स्वतःचं. एकाच बटणाने एकाचं काम वाचतं आणि दुसऱ्याचं जातं, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं. गोंधळ झाला तर गिट मर्ज --अबॉर्ट किंवा गिट रीबेस --अबॉर्ट करून मागे या, शांतपणे परत करा. आणि पुश नाकारला गेला म्हणून --फोर्स कोणीही वापरायचं नाही, तिथे कॉन्फ्लिक्टही दिसत नाही, सर्व्हरवरचं सरळ पुसलं जातं.

आधी उडालेलं काम बहुतेक अजून आहे. गोम अशी की मर्जमध्ये एक बाजू पूर्ण टाकून दिली असेल तर त्या फाइलचा साधा गिट लॉग ती बाजू दाखवतच नाही, म्हणून लोकांना वाटतं हिस्ट्रीतूनही गेलं. गिट लॉग --फुल-हिस्ट्री -पी आणि पुढे फाइलचं नाव, असं करून बघा. नाव देवनागरीत असेल आणि इतर ठिकाणी त्याच्या जागी ३४०, २४४ असे आकडे दिसत असतील तर कोर.कोटपाथ हे सेटिंग फॉल्स करा.

आणि कॉन्फ्लिक्ट आला नाही म्हणजे सगळं ठीक असं नाही. एकाने कार्यक्रमाच्या पानावर तारीख बदलली, दुसऱ्याने होमपेजवर जुन्याच तारखेचं पोस्टर लावलं, फाइल्स वेगळ्या, गिट हूं का चूं करत नाही. पोस्टरचा तर इमेज असल्याने मर्जही होत नाही, दोघांनी बदललं तर एकच निवडायला लागतं. आम्ही तारीख, वेळ, ठिकाण एकाच डेटा फाइलमध्ये ठेवलं आणि सगळी पानं तिथून उचलतात. तुम्ही ह्यूगो किंवा जेकिल (मार्कडाउनमधून साइट बनवणारी साधनं) वापरत असाल तर दोन्हीत ही सोय आहे. यापैकी काय वापरता ते कमेंटमध्ये सांगा, फोल्डर कुठे करायचा ते लिहितो.