दारू सोडण्यासाठी आधारगट कसा शोधायचा? पहिल्या मीटिंगला नेमकं काय होतं?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टींची धास्ती दिसते: तिथे ओळखीचं कोणी भेटलं तर, आणि सगळ्यांसमोर बोलावं लागलं तर. ओळखीचा भेटलाच, तर तोही त्याच कारणाने आलेला असणार. आणि बोलायची सक्ती नसते. "आज फक्त ऐकतो" म्हटलं की पाळी शेजारच्याकडे जाते.

मी स्वतः अशा मीटिंगांना जातो, म्हणून आतलं सांगू शकतो. पण आधी दुसरंच. सकाळी घेतली नाही तर हात थरथरतात, असं तुम्ही लिहिलंय. असं असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. शेवटच्या पेल्यानंतर 6 ते 24 तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, आणि दोन-चार दिवसांनी भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी डॉक्टर. ते काही दिवस औषधं देऊन हा काळ सुखरूप पार पाडतात. ग्रुपमध्ये कोणी गोळ्या बंद करायला सांगितलं तर सरळ कानाआड करा.

आता शोधण्याबद्दल. सगळ्यात पसरलेला गट म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए. 1935 मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूचे व्यसनी, एकमेकांना भेटले, त्यातून तो सुरू झाला. त्यांच्या वेबसाइटवर मीटिंगची ठिकाणं आणि वेळा असतात, हेल्पलाइनही असते. फोन उचलणारा बहुतेक वेळा स्वतः दारूतून बाहेर पडलेला असतो, त्यामुळे त्याच्याशी आडपडदा ठेवायची गरज नाही. मीटिंग खुली आहे की बंद, तेवढं विचारून घ्या. खुल्या मीटिंगला कोणीही बसू शकतं. बंद मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी असते. तुम्हाला दोन्ही चालतात. बाहेर पडायचा धीरच होत नसेल तर ऑनलाइन मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून बसा, सुरुवातीला तेही पुरे.

फी नसते. मध्येच एक पिशवी किंवा डबा फिरतो, ज्याला वाटेल तो त्यात पैसे टाकतो. नव्या माणसाने नुसता पुढे सरकवला तरी कोणी वळून बघत नाही. सभासद व्हायला दारू सोडायची इच्छा एवढी एकच अट. आडनाव सांगावं लागत नाही. सुरुवातीला थोडं वाचन होतं, मग एकेक जण आपलं सांगतो. त्यावर कोणी उलटतपासणी करत नाही, सल्लेही देत नाही. घरी सतत बोलणी खाणाऱ्या माणसाला हा प्रकार पहिल्यांदा चमत्कारिकच वाटतो.

माझ्या मते खरं काम मात्र मीटिंग संपल्यावर सुरू होतं. खुर्च्या आवरताना कोणीतरी जवळ येतो, माहितीपत्रकाच्या मागे आपला नंबर लिहून देतो आणि म्हणतो, "घ्यावीशी वाटली तर घेण्याआधी फोन कर, घेतल्यावर नको." हा कागद खिशात ठेवा आणि तलफ नसतानाही एकदा फोन लावून बघा. अडचणीच्या रात्री अनोळखी नंबर फिरवायला बोट धजत नाही, आधी बोलणं झालेलं असलं की जमतं. म्हणून लगेच सटकू नका, दहा मिनिटं रेंगाळा.

पहिला ग्रुप पटला नाही तर दुसरा बघा. प्रत्येकाची हवा वेगळी असते. काही ठिकाणी जुन्या पिण्याच्या किश्श्यांचीच मैफल रंगते, तिथे मी दुसऱ्यांदा जात नाही. कोणी उसने पैसे मागितले किंवा नव्या बाईशी नको तितकी सलगी करू लागला, तर तिथून उठावं. एएत दारूतून बाहेर पडायचा टप्प्याटप्प्याचा क्रम असतो, त्याला बारा पायऱ्या म्हणतात. स्पॉन्सर, म्हणजे या पायऱ्या समजावून देणारा जुना सभासद, शक्यतो पुरुषाला पुरुष आणि बाईला बाई असावी.

तुम्ही नास्तिक आहात म्हणता. बारा पायऱ्यांत देवाचा, 'उच्च शक्ती'चा उल्लेख वारंवार येतो, हे खरं आहे. मी प्रार्थनेच्या वेळी गप्प उभा राहतो, आजवर कोणाचं काही बिघडलं नाही. तरीही खुपत असेल तर स्मार्ट रिकव्हरी हा 1994 पासूनचा गट आहे. त्यात देव नाही, विचार आणि सवयी बदलायच्या मानसशास्त्रीय पद्धती आहेत. पण एए म्हणजे नुसती भाबडी श्रद्धा, असंही समजू नका. कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचे पुरावे तपासणारी संस्था आहे, तिच्या 2020 च्या आढाव्यात 27 अभ्यास तपासले गेले. रुग्णांना एएशी नीट जोडून देणारे उपचार दारू पूर्ण बंद ठेवण्यात इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले.

बायकोला सोबत न्यायचं असेल तर खुली मीटिंग निवडा. तिच्यासाठी अल-ॲनॉन हा घरच्यांचा वेगळा गटही आहे, 1951 पासूनचा. तिथे जायला तुम्ही आधी दारू सोडलेली असायला हवी असं काही नाही, ती या आठवड्यातही जाऊ शकते.