शॉवर पार्टिशनचं सिलिकॉन: वरून थर मारू देऊ नका

नवीन शॉवर पार्टिशनचं सिलिकॉन (सांधे बुजवायचा रबरासारखा मसाला) नीट लागलं नाही, आता बसवणारा वरून थर मारतो म्हणतो, मारू द्यावा का, ही तुमची पोस्ट वाचली आणि दोन वर्षांपूर्वीचं आमचं गोव्यातल्या फोंड्याचं बाथरूम आठवलं. आमचंही तसंच, नवीन पार्टिशन, सिलिकॉनचे ओघळ, मध्ये मध्ये भोकं, आणि बसवणारा म्हणतो वरून अजून एक हात मारतो. नको, मारू देऊ नका. सुकलेल्या सिलिकॉनवर नवीन सिलिकॉन नीट धरत नाही, पुढे सुटतं. जुनं सगळं ब्लेडने काढायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, मगच सिलिकॉनची गन हातात घ्यायची.

पण मला खरं महागात पडलं ते वेगळंच. आमचं फ्रेमवालं पार्टिशन, खालच्या अॅल्युमिनियम पट्टीला आतल्या बाजूने बारीक भोकं होती. फ्रेममध्ये शिरलेलं पाणी परत आत शॉवरखालच्या ट्रेमध्ये यावं म्हणून असतात ती. मला वाटलं फटी राहिल्यात, म्हणून मी त्या माणसाला आतूनपण गच्च भरायला लावलं. त्यानेही काही न बोलता भरलं. झालं, पाणी फ्रेममध्येच अडकून राहायला लागलं आणि जिथे वाट मिळाली तिथून बाहेर. आमच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, पाणी शोषून घेतात, त्यामुळे कळायलाच वेळ लागला. कळलं तेव्हा पलीकडच्या खोलीतला रंग फुगलेला आणि दाराची लाकडी चौकट खालून नरम झालेली. दुकानात फोन केला तर चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर बघू, मग दिवाळी झाल्यावर बघू, आणि शेवटी म्हणाले तुम्हीच सांगितलं होतं ना आतून भरायला. अहो, पण रोज पार्टिशनं बसवणाऱ्याला हे माहीत नको? अजून राग येतो.

तेव्हा फ्रेमवालं असेल तर सिलिकॉन बाहेरूनच, आतून फक्त भिंत आणि ट्रे जिथे मिळतात तो सांधा. मी प्लंबर नाही, आणि बिनफ्रेमच्या काचेचं गणित वेगळं असतं, म्हणून तुमच्या मॉडेलसोबतचा कागद आधी बघा.

पावसात सिलिकॉन सुकत नाही असं इथे सगळे सांगतात, ते तितकंसं बरोबर नाही, ते हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं. चिकटायला मात्र जागा कोरडी लागते, आणि जुलैत टाइल्सच्या सांध्यातली ओल लवकर जात नाही, म्हणून सिलिकॉन मारायच्या आधी दोन-तीन दिवस ते बाथरूम वापरू नका, पंखा लावून ठेवा. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, नोझल तिरकं आणि बारीक कापा, एका दमात ओढा, साल धरायच्या आत साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकदाच फिरवा आणि टेप लगेच काढा. नंतर निदान 24 तास पाणी नको.

अजून एक, उंबरा मार्बलचा असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका, त्यातलं आम्ल मार्बलला खातं. न्यूट्रल, म्हणजे तसं आम्ल नसलेलं, मागा, बुरशीरोधक सॅनिटरीवालं. थोडं महाग पडतं, पण आपल्याकडच्या दमटपणात साधं लवकर काळं पडतं.

फ्रेमच्या खालच्या पट्टीला आतून तशी भोकं आहेत का ते बघून इथे सांगा.