ब्लॉक शिकायलास तर आधी प्रोब हातात बसू दे
अरे बाबा, सोनोग्राफीत बघत नर्व्हजवळ औषध सोडून हात बधिर करायचा, म्हणजे ब्लॉक; तो शिकताना सुई घ्यायची घाई नको करू. आधी आठ दिवस स्वतःच्याच हातावर सोनोग्राफीचा लिनियर (सपाट तोंडाचा) प्रोब फिरव. मनगटापाशी मिडियन नर्व्ह (हाताचा एक मुख्य मज्जातंतू) अन् टेंडन (स्नायूची दोरी) सारखेच दिसतात, तिथंच सगळे फसतात, मग प्रोब हळूहळू कोपराकडं सरकव, टेंडन स्नायूत विरून जातो अन् नर्व्ह मधमाशीच्या पोळ्यासारखी तशीच पुढं जाते. दिसेनाशी झाली तर जागा सोडू नको, प्रोब जरासा तिरपा कर, परत उजळते.

आपल्याकडं कडबाकुट्टीत हात गेलेले पेशंट लई येतात, बरेचदा पोटभर जेवून आलेले, पूर्ण भूल दिली तर उलटी फुप्फुसात जायची भीती, म्हणून त्यांना सुप्राक्लॅविक्युलर (कॉलरबोनच्या वरून द्यायचा) ब्लॉक म्हणजे वरदानच. सबक्लेव्हियन आर्टरी (हाताकडं जाणारी मोठी धमनी) धडधडताना दिसली की तिच्या बाहेरच्या बाजूला द्राक्षाच्या घडासारखा नर्व्हचा गुच्छ शोध. पण शेजारीच फुप्फुसाचं आवरण असतं, म्हणून टोक दिसत नसेल तर सुई एक मिलिमीटर पण पुढं ढकलायची नाही. मी सुरुवातीला सुईच्या दांडीलाच टोक समजायचो, सरांनी हात धरून थांबवलं म्हणून बरं. दरवेळी ॲस्पिरेट कर (सिरिंज मागं ओढून रक्त येतंय का बघ), औषध थोडं थोडं सोड, कळ आली तर लगेच थांब. औषध रक्तात जाऊन विषबाधा झाली तर उतारा म्हणून २० टक्के लिपिड इमल्शन ओटीत हाताशी पाहिजेच. अन् हो, मशीनची पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याखालची) नोंदणी बघितल्याशिवाय प्रोबला हात लावू नको.