‘प्रभूमध्ये आनंद करा’ : आनंद ‘करता’ येतो का?

एका वाचकाची पृच्छा अशी : बायबलच्या नव्या करारात, पौल या प्रेषिताने फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा’ असे वाक्य आहे. मराठीत आनंद होतो, आनंद वाटतो, फार तर आपण तो मानतो. मग ‘आनंद करा’ हा प्रयोग भाषांतराच्या ओढाताणीतून आला आहे काय, आणि त्याऐवजी ‘आनंदी राहा’ म्हटले तर काय बिघडते?

माझ्या मते प्रयोग अस्सल मराठी आहे आणि तो बदलला तर पौलाचे म्हणणेच निसटते. ‘मला आनंद झाला’ या वाक्यात कर्ता आनंद आहे. ‘मी’ चतुर्थी विभक्तीत जाऊन बसलो आहे, म्हणजे घडणारी गोष्ट माझ्या बाबतीत घडते, मी ती घडवत नाही. जे आपोआप होते त्याची आज्ञा देता येत नाही. ‘करणे’ आले की माणूस कर्ता होतो. हा भेद आपण रोजच्या बोलण्यात सहज पाळतो : काळजी ‘वाटते’, पण धीर देताना आपण ‘काळजी करू नका’ असेच म्हणतो, कारण वाटणे हातात नसले तरी करणे बऱ्याच अंशी हातात असते. पौलानेही आनंदाच्या आज्ञेनंतर लगेच चिंता न करण्याविषयी सांगितले आहे, हा योगायोग नव्हे. रोमकरांस पत्रात तर ‘आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा’ अशी जोडीच आहे, आणि ‘शोक करणे’ कोणालाही परके वाटत नाही.

या प्रयोगाचा खरा अर्थ मात्र लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात, येशूने सांगितलेल्या दाखल्यांत उलगडतो. हरवलेले मेंढरू खांद्यावर घेऊन घरी आलेला मेंढपाळ मित्रांना आणि शेजाऱ्यांना बोलावतो व ‘माझ्याबरोबर आनंद करा’ असे म्हणतो. आनंद त्याला आधीच झालेला आहे. आता तो शेजाऱ्यांसह करायचा आहे. पुढे उधळ्या मुलाच्या दाखल्यात, वाट्याची मालमत्ता उधळून परतलेल्या धाकट्या मुलासाठी घरात गाणेबजावणे चालले असताना थोरला भाऊ शेतातून येतो, चाकराकडून कारण ऐकतो आणि रागावून आत जायचे नाकारतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो की तुझा भाऊ मेला होता, तो पुन्हा जिवंत झाला आहे, म्हणून आनंद करणे योग्यच होते. थोरल्याला आनंद ‘झाला’ नाही, याचा दोष बाप त्याला देत नाही. तो त्याला फक्त आत यायला सांगतो. उंबरठ्यावर अडून राहणे किंवा आत जाणे ही निवड ज्याची त्याची असते, आणि मला वाटते, ख्रिस्ती श्रद्धेतील आत्मिक आनंदाचे मर्म या निवडीत आहे.

मूळ ग्रीक क्रियापद ‘खाइरो’ आहे. ‘कृपा’ या अर्थाचा ‘खारिस’ आणि ‘आनंद’ या अर्थाचा ‘खारा’ हे त्याच धातूचे. मराठीत ‘आनंदणे’ हे क्रियापद आहे खरे, पण त्याचा आज्ञार्थ कानाला रुचत नाही, तेव्हा ‘आनंद करा’ हाच सरळ मार्ग उरतो. ‘आनंदी राहा’ ही शुभेच्छा चांगली आहे, परंतु ती स्वभावाविषयी किंवा मनःस्थितीविषयी बोलते, आणि हे पत्र लिहिणारा माणूस बंदिवासात होता. शिवाय फिलिप्पैच्या वाचकांनी त्याला आपल्या गावच्या तुरुंगातही पाहिले होते : प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायाप्रमाणे फटके खाऊन, पाय खोड्यात अडकवलेले असताना पौल आणि त्याचा सोबती सीला मध्यरात्रीच्या सुमारास देवाची स्तुती गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. त्या पाठीला त्या रात्री बरे वाटत असेल असे कोण म्हणेल? तरीही त्यांनी जे केले त्याला ‘आनंद करणे’ याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

‘प्रभूमध्ये’ याविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण वाचताना लोक तो शब्द ओलांडून जातात. ‘प्रभूमुळे’ म्हटले असते तर प्रभू हे कारण झाले असते. ‘प्रभूमध्ये’ म्हटल्याने तो अधिष्ठान होतो. जुन्या वळणाचे ‘प्रभूच्या ठायी’ मला अधिक गोड वाटते. तुकोबांच्या ‘आनंदाचे डोही आनंद तरंग’ या ओळीने घडलेल्या मराठी कानाला आनंदाला ठाव असतो हे नव्याने सांगावे लागत नाही. मात्र पौलाच्या वाक्यात तो ठाव एका व्यक्तीचा, क्रूसावर मरून उठलेल्या ख्रिस्ताचा आहे, हा फरक पुसू नये. कॅथलिक उपासनेत आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळपूर्वीच्या तयारीच्या काळाच्या, तिसऱ्या रविवारला याच वाक्याच्या लॅटिन रूपावरून ‘गाउदेते’ (‘आनंद करा’) हे नाव पडले आहे, आणि त्या दिवशी धर्मगुरूंना जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालता येतो. नाताळ अजून आलेला नसतो, तरी आनंद करायला सांगितलेले असते.

लिहिताना घोटाळा होऊ नये म्हणून याच अध्यायातील दहावे वचन पाहावे. फिलिप्पैकरांनी आठवणीने मदत पाठवली, त्याबद्दल पौल तिथे स्वतःविषयी बोलतो, आणि तिथे मराठीत ‘मला आनंद झाला’ हीच रचना शोभते, कारण ती घडलेल्या गोष्टीची कबुली आहे.